पुढचं माणूस येईपर्यंत

त्या वर्षी आमच्या कपेलात, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या देवळात, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आराधना सुरू झाली, आणि माणसं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाद्री म्हणाले, "टीचर, तुमचं लोक ऐकतात." हे कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे. डिचोलीकडच्या या खेड्यात किरिस्तावांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी माणसं माझ्या हाताखाली मराठी शाळेत शिकलेली. शाळेत ऐकलं नाही ती मोठी झाल्यावर काय ऐकणार?

आराधना म्हणजे काय ते सांगते. एरवी वेदीवरच्या लहान कपाटात कुलपात असतो तो पवित्र प्रसाद. आमच्या श्रद्धेप्रमाणे तो स्वतः येशूच. तो सोनेरी किरणांच्या पात्रात ठेवून वेदीवर उघडा मांडायचा आणि समोर गप्प बसायचं. प्रवचन नाही, गाणं नाही, नुसतं बसायचं. नियम एकच, पण कडक: प्रसाद उघडा असेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. पाद्री दुपारी स्कूटरवरून यायचे, प्रसाद मांडायचे, दुसऱ्या गावातली आजारी माणसं बघायला जायचे आणि संध्याकाळी परत येऊन आशीर्वाद देऊन आत ठेवायचे. मधला वेळ आम्ही सांभाळायचा. घरामागून घर पाळ्या लावायच्या, असं ठरलं.

ठरलं ते ठरण्यापुरतंच. मी दारोदार फिरले. लदाईन, म्हणजे वाटेवरच्या क्रुसापुढची प्रार्थना, असली की हीच माणसं त्या खुरसाकडे गर्दी करतात, कारण तिथं गाणं असतं, उकडलेले चणे असतात, आणि चण्यांबरोबर घोटभर आणखीही काही असतं. इथं काहीच नव्हतं. एकीचा मुलगा बोटीवर, तिला त्याच वेळी त्याचा फोन येतो. बेकरीवाल्याची पीठ मळायची वेळ तीच. एका म्हातारीने विचारलं, "तिथं येऊन म्हणायचं काय?" मी म्हटलं, "काही म्हणायचं नाही." ती म्हणाली, "मग येऊ कशाला?" आणि माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने शहाणपणा केला: "बाकीचे दिवस देव एकटाच असतो ना, टीचर? तेव्हा त्याला चालतं?" मी म्हटलं, "बाकीचे दिवस दार लावलेलं असतं बाबा. तू घरात पाहुणा बसवून, दार सताड उघडं टाकून बाजाराला जातोस का?" तो हसला. आला मात्र नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग मी त्यांच्या इतक्या पाया का पडत होते? भक्ती होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला तो तास हवा होता. माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. तो खाणींच्या ट्रकांचा मेकॅनिक, सगळा गाव त्याला मेस्त म्हणायचा. आता उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं, बोलणं जड. सकाळी त्याचं अंग पुसायचं, पेज भरवायची, कूस बदलायची, शाळेत जायचं, परत येऊन पुन्हा तेच. "पाणी." "उशी." "पंखो बंद कर." "पंखो लाव." त्याचा दोष नव्हता, पण दोष नसलेल्या माणसाचंही ओझं होतंच. महिन्यातून एकदा कपेलात बसले की तेवढा वेळ मला कुणी काही मागत नसे. मी देवाकडे बघायची, देव माझ्याकडे बघायचा, आणि पुष्कळदा मला चक्क डुलकी लागायची. तो रागावला असेल असं मला वाटत नाही.

तेवढा वेळ मेस्ताजवळ आमची शेजारीण बसायची. ती सावंतवाडीकडची, तिचा नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. पाळ्यांची माझी रड ऐकून ती पहिल्यांदा म्हणाली होती, "ह्या तर आमच्या सप्त्यासारख्या झाला, बाईनू. आमच्या गावाक देवळात सात दिवस भजन चलता. फुडचो माणूस इल्याशिवाय हातातले टाळ खाली ठेवचे नसतत. माझो बापूस एकदा तापान फणफणलेलो, तरी उभो." जे मी माझ्या माणसांना महिनोन्‌महिने समजावत होते ते हिला एका दमात कळलं होतं. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

आराधनेला वर्ष होत आलं तेव्हा पाद्री म्हणाले, "टीचर, रिकाम्या बाकांसमोर प्रसाद मांडणं बरं नव्हे. मे महिन्यात शेवटचं बघू. माणसं नसली तर इथलं बंद करतो, ज्यांना हवं त्यांनी मोठ्या इगर्जीत यावं." मोठी इगर्ज, म्हणजे आमचं मुख्य चर्च, दोन बसा बदलून. मेस्ताला टाकून मी तिकडे कशी जाणार? म्हणजे माझा तास गेला. मी पुन्हा दारोदार फिरले, या खेपेला आवाज चढवून. बेकरीवाल्याच्या बायकोने आणि त्या शहाण्या विद्यार्थ्याने माझ्यानंतरची पाळी कबूल केली, अगदी छातीवर खुरीस काढून.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मे महिना म्हणजे पुरुमेंताचे दिवस, पावसाळ्याची बेगमी. मिरच्या, सुकी सुंगटं, सोलं, चिंच सगळं भरून ठेवायचं, आणि म्हापशाचा मोठा बाजार नेमका शुक्रवारी. सकाळच्या बसने अख्खा वाडा म्हापशाला गेला. "दुपारपर्यंत येतो, टीचर," असं सांगून गेला.

पाद्री प्रसाद मांडून निघून गेले. मी एकटी बसले. दारातून ट्रकांची लाल धूळ आत येत होती, वेदीवरचं कालच धुतलेलं कापड पुन्हा तांबूस झालं होतं. माझी पाळी संपली. कुणी आलं नाही. मी दाराशी जाऊन रस्ता बघून यायची आणि परत गुडघे टेकायची. देवाला म्हटलं, "तुझीच माणसं आहेत, तूच बघ." मला राग आला होता आणि त्याहून जास्त थकवा आला होता. घरी मेस्ताची कूस बदलायची वेळ होऊन गेली होती.

तेवढ्यात शेजारीण चपला बाहेर काढून दारात आली. "बाईनू, मेस्त कासावीस झालेत. तुमचाच नाव घेतत."

"पुढचं कुणी आलं नाही गो. कशी येऊ?"

"मी बसान हयसर, माझा काय. पण तुमच्यात चलात?"

तिने मनापासून म्हटलं होतं, पण ही पाळी आमची होती, आणि आमचं एकही माणूस नाही म्हणून तिला बसवायचं हे माझ्या तोंडातून निघेना. तिला ते कळलं. "ऱ्हवा तर," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, आता उठून पात्रावर कापड टाकावं, दार ओढून घ्यावं आणि उद्या पाद्रींना सांगावं, झालं, संपलं, बंद करा.

बाहेर पावलं वाजली. तिचा नवरा आणि दुसरा एक ड्रायव्हर वेताची खुर्ची दोन्हीकडून धरून येत होते, आणि खुर्चीत मेस्त बसला होता. अंगात धुतलेला शर्ट, बटणं वरखाली लागलेली. हा माणूस आजारी पडल्यापासून उंबऱ्याबाहेर आला नव्हता. एके काळी हा कपेलाची घंटा वाजवायचा, गाणी म्हणायचा. वाकडं तोंड लोकांना दिसू नये म्हणून कोमुन्यांव, म्हणजे हाच प्रसाद, घ्यायलासुद्धा यायचा नाही, पाद्री घरी आणून द्यायचे.

"मीच सांगलंय तेंका, बाईंक सोडवूक कोण नाय," शेजारीण म्हणाली. "तर खुर्चीकडे हात करूक लागले."

त्यांनी खुर्ची पुढच्या बाकाशेजारी ठेवली आणि ते दारापाशी जाऊन उभे राहिले. मेस्ताने डाव्या हाताने कसाबसा खुरीस काढला. मी त्याच्या तोंडाच्या कडेची लाळ पुसायला पदर पुढे केला. त्याने माझा हात बाजूला केला.

"तू घराक जा," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. "नीज."

"आणि इथं?"

"मी आसा. माका खंय जावचा आसा?"

मला रडू आलं, उभ्याउभ्या आलं. माझ्या डुलक्या त्याला ठाऊक होत्या. मी कपेलात कशाला जाते तेही त्याला ठाऊक होतं, आणि इतके महिने पडल्यापडल्या तो ते मनात ठेवून होता. शेजारणीने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि म्हणाली, "मी हयसर दारात बसतंय. तुम्ही जावा."

घरी गेले. त्याची खाट रिकामी होती. मी तिच्यावरच आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा दिवे लागलेले. मी तशीच विस्कटल्या केसांनी धावत गेले. कपेलात सुक्या मासळीचा आणि मिरच्यांचा वास भरून राहिला होता. वाटेत बंद पडलेली बस उशिरा आली होती. कपेलावरून जाताना उघड्या दारातून मेस्त दिसला, खुर्चीत एकटा, आणि सगळेच्या सगळे पिशव्यांसकट आत शिरले होते. बेकरीवाल्याची बायको, शहाणा विद्यार्थी, "मग येऊ कशाला?" म्हणणारी ती म्हातारीसुद्धा. कुणाला काही म्हणायचं नव्हतं, तरी कुणी उठलं नव्हतं. पाद्रींनी आशीर्वाद दिला होता आणि ते मिरचीने शिंकत पात्र आवरत होते.

मला बघून म्हणाले, "टीचर, तुम्ही कुठे होता?"

मी काही बोलायच्या आत मेस्त सगळ्यांसमोर, वाकड्या तोंडाने, मोठ्याने म्हणाला, "ती निजलेली."

पाद्रींनी बंद करायचा विषय काढला नाही. पुढल्या महिन्याची पहिली पाळी कुणाची, एवढंच विचारलं, आणि मेस्ताने डावा हात वर केला.

खुर्ची घरी आली. ड्रायव्हर गेले, शेजारीण गेली. मी सवयीने तांब्या उचलला आणि विचारलं, "पाणी देऊ?"

"नको," तो म्हणाला. "बस जरा."

मी त्याच्याजवळ बसले.