थांबामामा आणि खालची धुलाई

आमच्या मामाला घरात सगळे थांबामामा म्हणत. काहीही विचारा, त्याचं पहिलं उत्तर "थांबा". चहा हवा का, थांबा. मुलगी पसंत आहे का, थांबा. या थांबण्यातच त्याचं लग्नाचं वय निघून गेलं, असं आई चारचौघांत सांगायची.

नोकरी मात्र त्याला साजेशी मिळाली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेतलं डीएनए वाचायचं यंत्र त्याच्या ताब्यात होतं. ते यंत्र डीएनएच्या धाग्याची नक्कल करत करत वाचतं. एक अक्षर जोडलं, की त्या अक्षराला लावलेली टोपी पुढच्याला अडवते. जोडलेलं अक्षर चमकतं, त्याचा फोटो निघतो, मग टोपी काढून धुवायचं आणि पुढचं अक्षर घ्यायचं. "उगाच घाई करत नाही," मामा सांगायचा, जणू चांगलं स्थळ सुचवतोय.

एकदा वॉर्डातल्या एका तान्ह्या मुलीचा नमुना आला. तिला झटके येत होते आणि कुठल्याच औषधाचा गुण येत नव्हता. कुठलं अक्षर चुकलंय ते कळलं, तर नेमकं औषध देता आलं असतं. पहिल्या खेपेला फोटो धूसर आले, दुसऱ्या खेपेलाही तेच. आता नमुन्याचा एकच थेंब उरला होता, आणि बाळ इतकं अशक्त, की पुन्हा रक्त काढायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या.

मामाने टेबलावर हात ठेवला, तर टेबल थरथरतंय. बरोबर खाली इस्पितळाच्या धुलाईची खोली होती. तिथलं कपडे पिळायचं यंत्र फिरलं, की वरच्या मजल्याला हुडहुडी भरायची.

मामा खाली गेला. धुलाईची बाई चादरींच्या डोंगराशी उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की माझं यंत्र बंद ठेवलं तर या चादरी तुमचं यंत्र पिळणार का? ती नाकावर माशी बसू देत नसे. पुढे ती माझी मामी झाली, म्हणून जपून लिहितोय.

मामा "थांबा" म्हणाला आणि खरंच विचार करू लागला. थरथर फक्त फोटो निघताना नको होती. जोडताना, धुताना चालली असती. दोन्ही खोल्यांतून पाण्याचा एकच पाइप जात होता. ठरलं. एक टकटक म्हणजे बंद, दोन म्हणजे चालू.

"बाळ कुणाचं?" तिने विचारलं.

"वॉर्डातलं. एकच थेंब उरलाय."

ती बटणापाशी जाऊन उभी राहिली.

दिवसभर मामा चमच्याने पाइप बडवत होता. शेवटी कुणीतरी प्लंबर बोलावला. त्याने पाइपाला कान लावला, पाइपात हवा अडकल्याचं निदान केलं आणि चहा पिऊन गेला. फोटो स्वच्छ आले. चुकलेलं अक्षर सापडलं, औषध बदललं.

हे खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण मामाचं आपलं, आधी औषधाचा गुण येऊ दे, मग जाऊ. यात आठवडे गेले.

एके दिवशी मामाचं यंत्र बंद असताना खालून पाइप वाजला. दोनदा. मामा खाली गेला, तर तिच्या हातात एक छोटी चादर होती.

"तुमच्या बाळाच्या खाटेची. आज घरी गेलं म्हणे, सिस्टरनं सांगितलं. तुम्ही कधी सांगणार होता?"

या वेळी मामा "थांबा" म्हणाला नाही. धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसला आणि त्यातल्याच एका चादरीत तोंड खुपसून मनसोक्त रडला. तिने त्याला रडू दिलं, आणि मग तो सगळा ढीग पुन्हा धुवायला टाकला.