आबांचा शेवटचा लॉगिन

आमच्या आबांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि इतका प्रेमळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावर आमचं चार जणांचं ऑफिस. बंगल्यांची बुकिंग घेणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. बुकिंग, पैसे, मेसेज, पाहुण्यांची ओळखपत्रं, अशी प्रत्येक कामाची वेगळी छोटी सेवा, म्हणजे आपापला चालणारा एक छोटा प्रोग्रॅम. पुण्यातल्या कंपन्यांत केस पांढरे करून आबा जवळच्याच भाजे गावी, भाज्याला, घरी परतले आणि आमचे वडीलधारे झाले. एका सेवेनं दुसरीकडं काही मागितलं की दर वेळी ओळख पटवलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

“अहो आबा, आपल्याच तर आहेत सगळ्या,” मी कुरकुरायचे.

“आपली हाय म्हून काय झालं? चिठ्ठी दाखव म्हणावं. आन् चिठ्ठीत लिवलंय तेवढंच द्यायचं.” चिठ्ठी म्हणजे त्या सेवेची ओळख आणि तिला काय काय मागता येईल याची यादी.

नवं काही काढलेलं त्यांना खपायचं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी सात-आठ साचे आखून ठेवले होते: दार कुठं, ओळख कोण तपासणार, एक सेवा पडली तर बाकीच्यांनी काय करायचं. मी अक्कल पाजळायला लागले की कॅलेंडर पुढं सरकायचं. “हे शंभर जणांनी सोडवलंय. तू एकशेएकावी कशाला डोकं फोडतीस?” मला भयंकर राग यायचा.

मग एकदा मेसेजच्या सेवेत कुणी परका घुसला. चूक माझीच, तिची किल्ली, म्हणजे गुप्त पासवर्ड, मी उघड्यावर ठेवली होती. पण त्या चोरानं ओळखपत्रं मागितली तेव्हा त्याला नकार मिळाला; मेसेजच्या चिठ्ठीत ती लिहिलेलीच नव्हती. आबांनी चहा मागवला, किल्ली बदलायला लावली आणि एका शब्दानं रागावले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांची चेली झाले.

गुडघे दुखू लागले तसं त्यांनी काम सोडायचं ठरवलं. परक्या माणसांची ती ओळखपत्रं आता माझ्या भरवशावर राहणार होती. मला ते झेपेल याची आबांना खात्री होती, मला नव्हती. शेवटच्या दिवशी त्यांचे सगळे अधिकार काढायचं काम त्यांनी मलाच दिलं. मी काढले. एक तेवढा ठेवला.

त्यांनी लॉगिन करून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“हे कुणासाठी?”

“तुमच्यासाठी, आबा. मला एकटीला भीती वाटते.”

“माज्यासाठी उघडं ठिवलंस म्हंजी चोरासाठीबी ठिवलंस. भ्या वाटलं तर फोन कर, भाज्याला ये. पर हे काढ.”

मी काढलं. डोळे भरून आले होते, बटण नीट दिसत नव्हतं. आबांनी पुन्हा लॉगिन केलं. पडद्यावर आलं: प्रवेश नाही.

पोराचा निकाल वाचावा तसं त्यांनी ते दोनदा वाचलं.

“लय झ्याक,” ते म्हणाले. “आता निवांत जातो.”