तुमचंबी नाव सांगा की

नव्वदच्या दशकातल्या त्या नाताळात माझ्या पायाला नुसती भिंगरी लागली होती. सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा गायनसंघ मीच सांभाळायची. सकाळी शाळेत शिकवायचं, संध्याकाळी गाण्यांची तालीम घ्यायची, मधल्या वेळात करंज्यांचं सारण, चांदणीचा कागद आणि केक भाजून घ्यायला डबे घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे रांग. साताऱ्याहून आलेली माझी आई म्हणायची, "अगं बाई, जरा टेक की!" मी टेकत नव्हते, कारण टेकलं की आठवण यायची. उन्हाळ्यात माझे पती गेले होते, ध्यानीमनी नसताना. तेव्हापासून मला एकटीला प्रार्थना करता येईना. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उभी राहून करायचे, चांगली घडीव वाक्यं असायची, बायका मोठ्यानं आमेन म्हणायच्या. घरी पलंगाशी गुडघे टेकले की लगेच उठून मी भांडी घासायला घ्यायची. विश्वास गेला आणि हाती नुसता नाताळ उरला, अशी भीती मला आतून खात होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

दर वर्षी नाताळाआधी आमचा संघ दवाखान्यात रुग्णांसाठी गायला जायचा. सगळ्या जणींच्या पांढऱ्या साड्या, निळे काठ. त्या दुपारी बायकांच्या वॉर्डात गाणी झाली आणि सगळ्या मुलांच्या वॉर्डाकडे गेल्या. हार्मोनियमचं कापड मागे राहिलं म्हणून मी चिडचिड करतच परत आले. माझ्याशिवाय कुणाचं लक्ष असेल तर शपथ! कापड उचलून वळते तोच खाटेवरच्या एका म्हातारीनं माझा पदर धरला.

"आवं शिष्टर, थांबा की. आदी ते तुमचं म्हना, मग मला आत न्या."

शेजारी तिची सून उभी होती. ती म्हणाली, पलूसच्या बाजूनं आलोय, आत्याबाईंच्या पोटात गोळा आहे, आता ऑपरेशनला नेणार आहेत आणि आत्याबाई हटून बसल्यात. त्यांच्या जावेचं पूर्वी एका मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तेव्हा शिष्टरनं आधी हात धरून प्रार्थना केली होती आणि जाऊबाई खडखडीत बऱ्या झाल्या होत्या. इथं डॉक्टर आले, सुई आली, पण ते काही कुणी म्हटलं नाही. मग आजी खाटेवरून हलायलाच तयार नव्हत्या.

मी म्हटलं, "आजी, मी नर्स नाही हो. मी गाणी म्हणायला आलेय."

"पांढरं लुगडं नेसलाय की! आन गानी म्हनता, मग ह्ये म्हनायला काय जड हाय?"

काय जड होतं ते तिला काय सांगू? स्ट्रेचर दाराशी आलं होतं. मी आजींचा हात हातात घेतला. डोळे मिटले आणि देवळातली वाक्यं सुरू केली. हे दयासागर स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन...

"असं पुस्तकावानी नगं," आजींनी मला मधेच तोडलं. "माझं नाव घ्या. शेवंता म्हना. त्येला कसं कळायचं कुनाचं हाय ते?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "प्रभू, ही शेवंता. हिच्या पोटात गोळा आहे. हिला लय भ्या वाटतंय. तू हिच्याबरोबर आत जा." संपलं वाटून डोळे उघडले, तर आजी माझ्याकडेच बघत होत्या.

"आन तुमचं? तुमचंबी नाव सांगा की. कोन बोलतंय ते कळाया नगं त्येला?"

मी माझं नाव सांगितलं. नुसतं नाव, आणि मला रडूच कोसळलं. "प्रभू, माझा नवरा गेला," मी म्हणाले. इतक्या महिन्यांत देवाला हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊकच असणार, पण माझ्या तोंडून ते कधी गेलं नव्हतं. आजींनीच माझ्या हातावर थोपटलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "झालं. आता न्या मला."

त्या संध्याकाळी भट्टीवरचा माझा नंबर हुकला. केक राहिला तो राहिलाच. मी आईशेजारी बसले आणि आम्ही दोघी माझ्या नवऱ्याबद्दल बोललो, रडलो, थोड्या हसलोही. रात्री पलंगाशी गुडघे टेकले आणि उठावंसं वाटलं नाही.

नाताळची उपासना आटोपून करंज्यांचा डबा घेऊन वॉर्डात गेले. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण डोळे लखलखीत. सुनेनं जयभीम केला, मी आमच्या मंडळीच्या रीतीनं सलाम म्हटलं. आजी शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, "ही माझी शिष्टर." ह्या खेपेला मी नाही म्हटलं नाही.

डिसेंबरची धावपळ अजून तशीच आहे, स्वभावाला औषध नाही. पण सकाळी गॅस पेटवायच्या आधी मी पलंगाशी बसते. कधी शब्द सुचतात, कधी सुचत नाहीत. सगळं मीच सावरायचं हा हट्ट तेवढा वेळ त्याच्या पायाशी ठेवते आणि नाव सांगते. प्रभूचे उपकार, त्याला तेवढं पुरतं.