विलायतेची लाल-हिरवी कड

जावयांनी टीव्हीवर जुनी विलायत लावून दिली आणि आमच्या ह्यांना माहेर सापडलं. आखातात, अल ऐनला लेकीकडे आलं की दुपारी करायचं काय, सांगा! दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं. मग आम्ही दोघं सोफ्यावर बसूनच इंग्लंड फिरायचो. रंगीत फिल्म नुकती निघाली तेव्हाची ती चित्रं. लंडनचे पूल, किल्ले, समुद्रकाठी टोप्या घातलेल्या बायका. त्यातलं आज कोणी जिवंत नसणार, पण सगळी कशी थेट आपल्याकडे बघून हसतात. मला बाई ते हसणं नको व्हायचं.

त्यात एक गंमत होती. माणूस चालायला लागला की त्याच्या एका अंगाला लाल कड सुटायची, दुसऱ्या अंगाला हिरवी.

"अगं, तुलाही दिसतात का या कडा?" ह्यांनी हळूच विचारलं.

"दिसतात की!"

"आजोबा, इट्स जस्ट द ओल्ड फिल्म," नात म्हणाली. मग जावयांनी समजावलं. एक चित्र लाल काचेतून घ्यायचे, पुढचं हिरव्यातून. तेवढ्यात माणूस हलला की रंग फाटायचा.

हे इतके खूश झाले! "हात्तिच्या! मला वाटलं माझे डोळेच गेले. हल्ली स्वयंपाकघरातल्या दिव्यालाही असंच रंगीत रिंगण दिसतं."

आम्ही सगळे हसलो. फिल्मचा आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याचा काय संबंध, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग ह्यांचं डोकं दुखायला लागलं. लेक म्हणाली, "बाबा, इथेच दाखवूया का?"

"छे! पुढच्या महिन्यात घरी जातोच आहोत. आपल्या डॉक्टरांना दाखवू."

इथे आपल्या माणसांचं असंच असतं. दात असो, गुडघा असो, दुखण्याने सुट्टीच्या तिकिटापर्यंत थांबायचं. बॅगेत खजुराबरोबर दुखणीही भरून न्यायची. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाम चोळला, झालं.

एके दिवशी संध्याकाळी मगरिबची अजान चालू होती. ह्यांचे डोळे लालबुंद झालेले, दुपारी उलटीही झाली होती. तरी टीव्हीसमोर बसलेलेच. नातीने टीव्ही बंद केला. हे मात्र तिकडेच बघत म्हणाले, "किल्ल्याभोवती बघ कसं इंद्रधनुष्य पडलंय!"

"आजोबा, इट्स ऑफ."

काळ्या पडद्यात फक्त छतावरचा दिवा दिसत होता. हसलं कोणीच नाही. लेकीने चपला घातल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "यल्ला, गाडी काढ. खलास, आता घरी गेल्यावर-बिल्यावर काही नाही."

गाडीत हे माझ्या शेजारी बसले. आधी बोलत होते. "किती सुंदर गं, प्रत्येक खांबाला फूल आलंय." मग नुसतं कपाळ दाबत राहिले. पुढे एका चौकात गाडी वळली, तेव्हा म्हणाले, "या रस्त्याला दिवे नाहीत वाटतं?"

मी बाहेर पाहिलं. पार हॉस्पिटलपर्यंत रस्ता लखलखत होता. पुढच्या सीटवर लेकीची मान एकदम ताठ झाली, पण ती मागे वळली नाही.

मी ह्यांचा हात घट्ट धरला. म्हटलं, "नाहीत हो. इकडे जरा अंधारच आहे."