पुस्तक बाकी असलेला वाचक

सेलूत कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या कारखान्यातले तंतू उडत उडत आमच्या वाचनालयात येतात. सकाळी कपाटं पुसली तरी दुपारी पुन्हा पांढरी. इथले किस्सेही तसेच साचतात. वाचनालय ऑनलाईन झाल्यापासून तर पुसायला फुरसत नाही.

मी नववीत शाळा सोडलेली. इथं कारकून होता तो माझा मोठा भाऊ, दत्ता. गेल्या उन्हाळ्यात ताप आला आणि तो गेला. यापुढचं मला अजून सांगता येत नाही. आमच्या ग्रंथपाल लोहट बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाळू, त्याच्या खुर्चीवर धूळ बसायलीय. येत जा." म्हणून येतो. दादाचा मोबाईल खिशात असतो. रोज चार्ज करतो.

*

वाचकांची नावं संगणकात भरायला दादानं आमच्या शिपाई गंगाधरमामांना शिकवलं होतं. मामांनी एका बोटानं सगळी भरली. पण मामा माणसाला त्याच्या बसायच्या जागेवरून ओळखतात. त्यामुळे नावं झाली 'पंख्याखालचे काका', 'खिडकीतले गुरुजी', 'पेपर तोंडावर घेऊन झोपणारे'.

दादा हसून हसून खाली बसला. दुरुस्त मात्र करू दिलं नाही. म्हणाला, "राहू द्या मामा, माणूस लवकर सापडतो."

त्याचं स्वतःचं नाव मामांनी टाकलं होतं 'आपला दत्ता'.

*

पुस्तक नेलं की वाचकाला मेसेज जातो, मुदत संपली की दुसरा. एक दिवस मेसेज गेला, 'आदरणीय पंख्याखालचे काका, आपल्या पुस्तकाची मुदत संपली आहे.'

काका मोबाईल हातात धरूनच आले. आता भांडण होणार, असं आम्हाला वाटलं.

"गंगाधर, हे नाव बदल. पंखा लय खडखड करतो. मी आता खिडकीत बसायलोय."

मामा म्हणाले, "तिथं गुरुजी हायत. आधी त्यांना विचारा."

काका विचारायला गेले आणि तिथंच बसले. दोघं संध्याकाळपर्यंत खिडकीतून उडता कापूस बघत होते. नावाचं विचारायचं राहूनच गेलं.

*

जिल्ह्याहून एक साहेब व्हिडिओ कॉलवर आम्हाला हे ऑनलाईनचं काम शिकवतात. संगणक वाचनकक्षात आहे, आणि बाईंची सगळी नोकरी तिथं कुजबुजण्यात गेलेली.

"मॅडम, आवाज येत नाही. मोठ्यानं बोला."

बाई आणखी हळू म्हणाल्या, "इथं मोठ्यानं बोलत नसतात, सर."

"काय?"

खोलीभर आवाज घुमला. पेपर तोंडावर घेऊन झोपणारे दचकून उठले. मामांनी शांतपणे भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

तेव्हापासून साहेबही कुजबुजतात.

*

अशाच एका कॉलवर साहेब कुजबुजले, "जे वाचक वारले, त्यांची खाती काढून टाका. एकदा काढलं की ते नाव परत येत नाही, नीट बघून काढा."

बाईंनी माउस हलवला. पडद्यावर 'आपला दत्ता' आलं.

मी उठलो आणि भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला. त्यात माझंच तोंड दिसलं, पण क्षणभर ते दादाचं वाटलं. मी तसाच बघत राहिलो.

बाईंचा फोन वाजला. डोक्यावर पंखा खडखडत फिरत होता. बाई म्हणाल्या, "लाईट गेली, सर."

साहेब म्हणाले, "हरकत नाही. राहिलेली खाती सोमवारी माझ्यासमोर काढा."

फोन ठेवून बाईंनी चष्मा पुसला. "बाळू, दर वेळी लाईट थोडीच जाईल?"

त्यानंतर दुपारी खुर्चीत डोळा लागला की दादा कपाटांमधून चालत यायचा. केसांत कापूस, हातात पुस्तक. मी पुस्तकाचं नाव विचारायच्या आत वळून जायचा. सोमवार येऊच नये, असं वाटायचं.

*

सोमवार आला. सकाळी मी झाडत होतो. खिशातला दादाचा मोबाईल थरथरला.

'आपला दत्ता, आपण आज पुस्तक नेले आहे. वाचनाचा आनंद घ्या.'

मी वर पाहिलं. संगणकापाशी बाई होत्या, त्यांच्या खांद्यामागं मामा. दोघांपैकी कुणीच माझ्याकडं बघेना.

दुपारी कॉल लागला. एकेक नाव निघत गेलं. मग दादाचं आलं.

"हे पण काढा," साहेब कुजबुजले.

बाईंनी बटण दाबलं. लाल अक्षरं आली, 'या वाचकाकडे पुस्तक बाकी आहे. खाते काढता येणार नाही.'

"अरेच्चा. मग आधी पुस्तक परत घ्यावं लागेल, मॅडम. कधी येईल?"

बाईंनी मामांकडं पाहिलं. मामा पुढं झाले, कॅमेऱ्याला जवळजवळ तोंड लावलं आणि अगदी हळू म्हणाले,

"जाड हाय, साहेब. वाचायलाय अजून."