तुरटीच्या पाण्यातले परकर

पेरीन गिलूला आमच्या नाटकगृहाच्या कपडेपटातून हाकलले, ते तिने एका नाचणाऱ्या मुलीला जिवंत ठेवले म्हणून. कागदावर अर्थात तसे लिहिलेले नव्हते. कागदावर 'लेखी सूचनेचा भंग' असे होते, आणि पॅरिसमध्ये कागदावर असते तेच खरे धरतात.

पेरीन एकतीस वर्षे नाचाचे परकर शिवत होती. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून अकरा वर्षे शिवले. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बाई दातांतून बोलायची, आणि दातांतून बोललेले सगळेच रागावून बोलल्यासारखे वाटते. तिच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरेही असायचे. पण तिचा परकर! पातळ मलमलीचे सहा थर, एकावर एक, आणि फुंकर मारली तरी सगळे हलायचे.

तसे ते हलावेच लागतात. आमच्या नाचांतल्या नायिका पहिल्या अंकात प्रेम करतात, फसतात आणि मरतात. दुसऱ्या अंकात त्यांचे भूत पांढऱ्या परकरात येते, आणि लोक पैसे मोजतात ते त्या भुतासाठी. मेलेल्या बाईला वजन नसावे, अशी आमच्या रसिकांची माफक अपेक्षा आहे. रस्त्यावर जिवंत बायकांचे उलटे. कमरेखाली पोलादी कड्यांचा पिंजरा, त्यावर पडद्याएवढे कापड, घोटा दिसला तर घराण्याची अब्रू गेली. आणि त्याच घराण्यांतले पुरुष रोज पहिल्या रांगेत बसून दुर्बिणीतून आमच्या मुलींचे घोटे तपासतात. दोन्हीकडची शिलाई आम्हीच करतो, म्हणून मला ठाऊक.

आता रंगमंचाच्या कडेला गॅसच्या उघड्या दिव्यांची रांग असते आणि मलमल म्हणजे काडी लावायचीच खोटी. चार ठिकाणी मुली जळाल्यावर सरकारचा हुकूम निघाला, की नाचाचे सगळे परकर तुरटीच्या पाण्यातून काढावेत, म्हणजे ते भडकत नाहीत. हुकूम चांगला होता. फक्त तुरटीतून काढलेली मलमल पिवळट पडते, कडक होते, जड होते, आणि भुताला ती शोभत नाही. मुली नाही म्हणाल्या. मग आमचे व्यवस्थापक मस्यू ब्रेशार यांनी तोडगा काढला. एक छापील कागद. 'मी माझ्या मर्जीने न बुडवलेला परकर घालते, जबाबदारी माझी.' खाली सही. परकरही पांढरे राहिले आणि मस्यू ब्रेशार यांना झोपही लागू लागली.

पेरीनला मात्र लागत नसावी. तरुणपणी ती दुसऱ्या एका गावच्या नाटकगृहात होती. तिथे तिने शिवलेल्या परकरात एक मुलगी पेटली. मी एकदाच विचारले होते.

"लोक परकर ओढत होते गं," पेरीन म्हणाली, "पण कमरेचा पट्टा निघेना. केवढी पक्की शिलाई होती माझी!"

यानंतर तिने टाचण्या तोंडात घातल्या आणि मी पुन्हा विचारले नाही.

गेल्या वर्षी आमची मुख्य नर्तिका होती सिदोनी बुशे, वय एकोणीस. पोर गुणी आणि गरीब स्वभावाची. तिची बाजू सांभाळायला आई होती, आणि मदाम बुशे असताना दुसऱ्या कुणाला तिथे जागाच उरत नसे. ही बाई पूर्वी एका इमारतीची दारवाली होती, जिने पुसायची. लेक नावारूपाला आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शहरातला सर्वांत रुंद पिंजरा आणि कंबर आवळणारे सर्वांत घट्ट कॉर्सेट विकत घेतले. दारातून आत येताना ती आधी एक बाजू आत घालायची, मग दुसरी.

सिदोनीचा कागद तिनेच भरला, सही तेवढी मुलीची. पण कागदावर ती थोडीच विसंबणार! नवा परकर आला की मदाम कपडेपटात येऊन त्याला चक्क जीभ लावून बघायची. तुरट लागला की संपले.

"हे बघ पेरीन, माझी मुलगी पोतं घालून नाचणार नाही!"

"पोतं नाही मदाम, तुरटी आहे. जळू नये म्हणून."

"जळतात त्या मागच्या रांगेतल्या, धांदरट! सिदोनीचे पाय जमिनीला लागतच नाहीत, दिव्याला कुठून लागणार?"

तीन परकर असे परत आले. चौथा मदामने चाटला, मान डोलावली आणि म्हणाली, "कळलं ना शेवटी? वय झालं तरी माणूस शिकतं."

पेरीन टाचण्या चावत उभी होती. ती इतकी गरीब गाय झालेली मी कधी पाहिली नव्हती. मदाम गेल्यावर मी आतले थर उचलून जीभ लावली. पाचही तुरट! वरचा एकच थर कोरा होता. स्टँडवर चढवलेल्या परकराच्या आतल्या थरापर्यंत तोंड न्यायचे तर वाकावे लागते, आणि त्या पिंजऱ्यात आणि कॉर्सेटमध्ये मदाम बुशेला वाकताच येत नव्हते. पेरीनने फॅशनवर भरवसा ठेवला होता.

"कळलं तर काढतील तुला," मी म्हणाले.

"शिव तू," ती म्हणाली.

तिला त्रास होत नव्हता असे नाही. शहरातले सर्वांत हलके परकर शिवणारी बाई रोज स्वतःच्या हाताने आपले काम बिघडवत होती. दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात छापून आले, की कुमारी बुशे यांच्या उड्यांत पूर्वीची तरलता राहिली नाही. मदामने मुलीचे जेवण अर्धे केले. त्या दिवशी पेरीनचाही डबा तसाच राहिला. मला तिचा राग आला होता, खरेच सांगते. पोर उपाशी राहतेय आणि ही गप्प!

मग नव्या नाचाची रंगीत तालीम आली, भर दुपारी. सिदोनी गिरकी घेत पुढे आली आणि परकराची कड दिव्यांवरून गेली. वरचा थर भस्सकन पेटला आणि मान वळवेपर्यंत संपलाही. आतले पाच थर नुसते धुमसले, काळे पडले, पण पेटले नाहीत. विंगेत ओले कांबळे घेऊन एक बंबवाला ठेवलेला असतो. तो मागच्या रांगेतल्या मुलींचे घोटे बघण्यात गुंग होता. तो धावत येईपर्यंत चांगला वेळ गेला, आणि तेवढा वेळ ती मुलगी धुरात उभी राहिली. दंडाला भाजले, पापण्या गेल्या, बाकी धडधाकट. मी तिथेच बसून रडले.

मदाम बुशेने लेकीला छातीशी धरले. मग तिने काळवंडलेला परकर उचलला, हुंगला, आतल्या थराला जीभ लावली आणि किंचाळली, "दोन महिने! दोन महिने ही म्हातारी माझ्या मुलीला ओझं बांधून नाचवत होती! म्हणून नाव गेलं तिचं!"

मस्यू ब्रेशार यांनी सहीचा कागद मागवला, वाचला आणि मान हलवली. मुलीने लेखी नकार दिला असताना तिला वाचवणे नियमात बसत नव्हते. पेरीनला संध्याकाळच्या आत कात्री जमा करायला सांगितले. तिने केली. सिदोनीला तिचा निरोप घेऊ दिला नाही.

नवे परकर शिवायचे काम माझ्याकडे आले. मस्यू ब्रेशार यांचा हुकूम होता, सहाही थर कोरे. मी भित्री आहे, मी कोरेच शिवले. तीन आठवड्यांनी मदाम बुशे तपासायला आली, आणि मी तिला ओळखलेच नाही. पिंजरा नाही, कॉर्सेट नाही. जिने पुसतानाचा तो जुना राखाडी झगा अंगावर. स्टँडपाशी ती गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या थराला जीभ लावली. मग दुसरा उचलला. मग तिसरा. सहाही चाखून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे नको. पाण्यातून काढून आण."

"सगळे, मदाम?"

"सगळे."

पेरीनला परत बोलवा, असे मात्र तिने ना मला सांगितले, ना मस्यू ब्रेशार यांना.

पेरीन आता एका दुकानात घरंदाज बायकांसाठी पोलादी पिंजरे बांधते. रविवारी मी तिच्याकडे गेले आणि सगळे सांगितले. तिने टाचण्या तोंडातून काढून हातावर घेतल्या.

"गुडघ्यावर बसली?"

"हो. सहाच्या सहा थर."

तिने डोळे पुसले, आणि दातांतून नाही, नीट तोंड उघडून बोलली.

"पट्टा विसरू नकोस. तोही बुडवत जा."