मामांच्या रानातला कोळसा

मामांच्या रानाच्या मातीचा अहवाल कोळसा टाकायच्या आधीच माझ्या हातात आला होता. मी तो वाचलाही होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही.

मामा म्हणजे आमचे बांधाशेजारी. एके काळी त्यांची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची. पुढे त्यांनी कळप कमी केला आणि घोड नदीच्या काठी वीस गुंठे घेतले. त्यांच्या घराण्यातली ही पहिली स्वतःची जमीन.

मी रांजणगावला कंपनीत. शेती सुट्टीच्या दिवशी. पण गावच्या शेतकरी गटात बायोचारचं खूळ मीच आणलं. तुराट्या, पऱ्हाट्या बांधावर पेटवून द्यायच्या नाहीत. निमुळत्या खड्ड्यात थरावर थर जाळायच्या आणि राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायच्या. उरतो तो कोळसा भोकाभोकांचा, ओल आणि खत धरून ठेवणारा, वर्षानुवर्षं न कुजणारा. हे सगळं खरंच आहे. त्याचा दुसरा गुणही मला ठाऊक होता. त्यातल्या राखेमुळे तो अल्कधर्मी असतो. आम्ल मातीला औषध, आमच्या चोपण, आधीच क्षार धरलेल्या रानाला दुखण्यावर दुखणं.

अहवालात सामू, म्हणजे पीएच, नऊच्या घरात होता. खाली सल्लाही होता: जिप्सम टाका, भरपूर शेणखत टाका. पण गटाला प्रयोग दाखवायचा दिवस ठरला होता आणि माझ्या रानात ऊस उभा होता. मोकळं रान मामांचंच. मी कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत सारली.

विझवलेल्या खड्ड्यातलं पाणी मामांनी बोटानं जिभेला लावलं आणि थुंकले.

“आरं, राखंवाणी लागतंय की! रान आधीच खारट. साबणाच्या कंपनीत लागलास का काय?”

मामी हसल्या. “टाकू द्या वो. कांदा न्हाई आला तर धुणं तरी निगंल.”

“त्याच्यावर मेंढरं बसवू का दोन दिस?” मामांनी मला विचारलं.

“नको मामा. मग फरक कोळशानं पडला का लेंड्यांनी, कसं कळणार?”

“बरं बाबा. तू शिकल्याला.”

कोरा कोळसा मातीतलं खत आधी स्वतःच पितो, म्हणून तो शेणकाल्यात मुरवायचा असतो. तेही मी केलं नाही. मला निव्वळ कोळशाची करामत दाखवायची होती.

कांदा लावला. थोड्याच दिवसांत पात पिवळी पडली, शेंडे करपले, वाफ्यांवर पांढरा थर धरला. ठरल्या दिवशी गटाची माणसं बांधावर उभी राहिली. कुणीतरी विचारलं, हे असं कसं? मी म्हणालो, “मामांचं पाणी जास्त झालं.”

पाणी त्यांनी मी सांगितलं तेवढंच दिलं होतं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या सगळ्यांना म्हणाले, “व्हय, माझंच चुकलं. मेंढकाला पाण्याचं माप कुठनं कळायचं?”

माणसं हसली. मीही हसलो.

त्यानंतर मामांनी तिथं काही पेरलं नाही. रानात वेडी बाभूळ माजली आहे. ते दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात. सुनेनं विचारलं तर म्हणतात, “माझ्या हाताला मातीचं येश न्हाई.” जिप्सम घालून ते रान सुधारलं असतं. मला माहीत होतं. रोज त्या रानाकडेच्या रस्त्यानंच गाडीवर कामाला जातो. मामा दिसले की हात करतो, ते मान हलवतात.

चूक तुमची नव्हती, माझी होती, आणि मला ती आधीच कळली होती, हे त्याच माणसांसमोर मोठ्यानं म्हणणं मी मामांचं देणं लागतो. अजून म्हटलेलं नाही.